आत्याच्या किडन्या आणि सात मुद्द्यांचा फॉरवर्ड

'तुमच्या दुखण्याची ७ खरी कारणं, जी चर्च तुम्हाला सांगत नाही' या मथळ्याचा एक मेसेज सध्या भायखळ्यापासून वसईपर्यंत मराठी ख्रिस्ती ग्रुपांवर फिरतोय. लाल पार्श्वभूमी, काट्यांचा मुगुट, प्रत्येक मुद्द्यापुढे बोट दाखवणारा पिवळा हात आणि तळाशी 'किमान १० विश्वासणाऱ्यांना पाठवा, आज रात्रीच चमत्कार पाहाल'. असले मेसेज मी न उघडता उडवतो. हा उघडावा लागला, कारण माझ्या आत्याने तो वाचून गुरुवारचं डायलिसिस चुकवलं.

आत्या आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. मधुमेहाने किडन्या गेल्या. कारण म्हणायचं तर तेवढंच, आणि ते समजायला बायबलचा अध्याय उघडावा लागत नाही. गुरुवारी 'आज प्रार्थनेत आहे, बरं वाटतंय' असं सुनेला सांगून ती घरीच राहिली. शुक्रवारी संध्याकाळी पावलं इतकी सुजली की चपलेत अंगठा जाईना. रात्री आडवं झालं की दम लागायचा, म्हणून पलंगाच्या कडेला उशी उभी करून तिच्यावर डोकं टेकून बसून राहिली. शनिवारी पहाटे टॅक्सीत घालून नेली. यंत्रावरून उतरल्यावर, हातावरचा कापसाचा बोळा बोटाने दाबून धरत, तिने मला विचारलं, "कबूल करायचं कुठलं राहिलंय रे बाळा? मी आठवून आठवून दमले." जन्मभर पालिकेच्या शाळेत गणित शिकवलेली बाई, आणि एका लाल चित्रापायी स्वतःच्या सगळ्या आयुष्याची तपासणी करत बसली होती.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या नातलगांचा हेतू चांगला होता, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. असेल. मी मेसेजबद्दल बोलतोय. आणि त्यातले सातही मुद्दे सारख्या लायकीचे नाहीत, तेव्हा सातांना सारखी जागा मिळणार नाही.

पहिला मुद्दा हा सगळ्यांचा बाप: 'आजार म्हणजे कबूल न केलेल्या पापाची शिक्षा.'

हा प्रश्न येशूला थेट विचारला गेला होता. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. रस्त्यात जन्मापासूनचा एक आंधळा दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? म्हणजे पाप आहे हे त्यांनी धरूनच चाललंय, फक्त कुणाच्या नावावर टाकायचं तेवढं ठरवायचंय. येशू दोन्ही पर्याय खोडतो. याचंही नाही, आईबापांचंही नाही. मग थुंकीने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा अध्याय माहीत नसेल असं मी मानत नाही. संडे स्कूलच्या तिसरीतल्या पोरालाही तो माहीत असतो.

लूकाच्या तेराव्या अध्यायात तर उदाहरण आणखी रोकडं आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशूच लोकांना विचारतो, हे अठरा जण यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तरही स्वतःच देतो: नाही. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची पालिकेची इमारत पहाटे कोसळली आणि ६१ माणसं गेली. त्यांच्या घरच्यांपुढे उभं राहून 'कबूल न केलेलं पाप' म्हणायची छाती आहे का कुणाची? त्याच येशूने पुढच्या वाक्यात 'पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल' असं म्हटलंय हे मला ठाऊक आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेवढंच अर्धं वाक्य घेतलंय. पण ते वाक्य मेलेल्यांना उद्देशून नाही. जे धडधाकट उभे राहून मेलेल्यांचं पाप मोजत होते, त्यांना उद्देशून आहे.

इयोबाची, म्हणजे निर्दोष असून सगळं गमावलेल्या आणि दुखण्याने पिडलेल्या माणसाची, गोष्ट सांगत बसत नाही, ती सगळ्यांना येते. फक्त तिचा शेवट लोक विसरतात. बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो इयोबावर नव्हे, तर अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर. पुस्तकभर त्या तिघांनी केलं काय होतं, तर आजारी माणसाशेजारी बसून 'आठव, काहीतरी केलं असशील' हेच वळवून वळवून सांगितलं. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की आल्या आल्या ते सात दिवस गप्प बसले होते. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

आणि या सगळ्याच्या वर क्रूस आहे. दुःख म्हणजे पापाचा पुरावा असेल, तर गुलगुथावर जो लटकला होता त्याच्याबद्दल काय म्हणणार? खाली उभे असलेले लोक नेमकं हेच म्हणत होते: याचा देवावर भरवसा होता ना, मग सोडवू दे की देवाने. म्हणजे ज्या अर्थी हा असा मरतोय त्या अर्थी देव याच्या बाजूला नाही. ख्रिस्ती धर्म जन्माला आला तो या युक्तिवादाला नकार देत. ज्याने काहीच केलं नव्हतं तो सर्वांत जास्त भोगतो, आणि देव तिथेच, त्या भोगण्यात असतो, हे आपण दर रविवारी प्रभुभोजनाच्या मेजासमोर कबूल करतो. दुपारी घरी येऊन तीच माणसं आत्याला हा फॉरवर्ड पाठवतात. काट्यांचा मुगुट छापून खाली मजकूर मात्र टिंगल करणाऱ्यांचा.

आपल्या मराठी मंडळींनी तर या बाबतीत जास्त जपून बोलायला हवं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला याच मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे येणाऱ्या कोवळ्या विधवांच्या डोक्यावर कसलं ओझं असायचं? नवरा मेला तो तुझ्याच गेल्या जन्मीच्या पापाने, हे. रमाबाईंनी ही समजूत १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवली आहे, आणि पुढचं सारं आयुष्य तिच्याविरुद्ध काढलं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं ते पाहा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा गेला. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि काही महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई स्वतः. अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या या बाईला विचारायचं का, कबूल करायचं कुठलं राहिलंय? विधवांच्या मानेवरून तिने जे जू उतरवलं, तेच आपण आता वर क्रुसाचं चित्र चिकटवून आजाऱ्यांच्या मानेवर ठेवतोय.

वसईकडच्या कॅथलिक ग्रुपांवरही हे फिरतंय म्हणून सांगतो: पोप दुसरे जॉन पॉल यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये खास मानवी दुःखावर एक प्रेषितीय पत्र काढलं. तीन वर्षांआधी स्वतः पोटात गोळी खाल्लेला माणूस. त्यात इयोबाच्या आधाराने स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक दुःख हे अपराधाचा परिणाम असतं, शिक्षा असते, हे खरं नाही. फादरांना विचारा, ते काढून देतील.

आता यात अर्धं खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी बऱ्या झालेल्याला येशू म्हणतो, पुन्हा पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करताना पापांच्या क्षमेचाही उल्लेख येतो, पण तिथेही 'केली असतील तर' अशीच भाषा आहे. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल सुनावतो की तुमच्यातले काही दुबळे आणि आजारी आहेत ते प्रभुभोजनाचा मान न राखल्याने. आणि दारूने लिव्हर जातं हे सांगायला तर प्रेषितही नकोत. म्हणजे कुणाचं एखादं दुखणं त्याच्या करणीचं फळ असू शकतं. ते ज्याचं त्याने स्वतःबद्दल, देवापुढे म्हणावं. दुसऱ्याच्या केस पेपरवर आपण लिहायचं नाही.

दुसरा मुद्दा जिवावर उठणारा आहे: 'त्याला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे झालोच आहोत, तेव्हा औषध घेणं म्हणजे क्रुसावर अविश्वास.' आत्याचा गुरुवार चुकला तो यामुळे.

आधार यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाचा. मत्तयाने त्यातलं वचन येशूच्या रोगी बरे करण्याला लावलंय, हे खरं, तिथे मी वाद घालत नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना करू नये असंही मी म्हणत नाही. आमच्या घरी रोज होते, डोक्यावर हात ठेवून होते. पण 'औषध नको' हे कुठून आलं? पौलाने आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीवर आणि वरचेवरच्या दुखण्यांवर थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. तिसरा, एपफ्रदीत, तर मरता मरता वाचला. यांतल्या एकालाही पौलाने 'तुझा विश्वास कमी' असं सुनावलेलं नाही. खुद्द पौलाच्या शरीरात काटा होता, तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवलं आणि उत्तर आलं: माझी कृपा तुला पुरे. काटा राहिला. तेरा पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्याचा विश्वास या फॉरवर्डवाल्यापेक्षा कमी होता म्हणायचं का? त्याच्याबरोबर फिरणारा लूक धंद्याने वैद्य होता, आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. येशूच्या गोष्टीतला शोमरोनी वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर आधी तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, मग उतारशाळेचे पैसे भरतो. रस्त्यात पडलेल्याची उलटतपासणी घेत नाही.

आणि किडनीचाच विषय आहे म्हणून: भारतातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. ज्या इडा स्कडरने ते हॉस्पिटल उभारलं, किंवा ज्या वानलेस डॉक्टरांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, त्यांना यशया वाचता येत नव्हता का? ख्रिस्ती माणसाने या देशात क्रुसाचा अर्थ दवाखाना काढून सांगितला. त्या दवाखान्यांच्या पुण्याईवर मोठी झालेली आपली तिसरी-चौथी पिढी आता 'औषध म्हणजे अविश्वास' पुढे ढकलतेय.

तिसरा मुद्दा: 'देवाचा क्रोध रक्तावाचून शमत नाही. पित्याने पुत्राला ठेचलं तेव्हा कुठे तो शांत झाला.' हे वाचून माझ्या मित्राच्या पोराने घरी विचारलं म्हणे, मग देव आणि आपल्याकडचा बोकड मागणारा देव यात फरक काय? पोरगं हुशार आहे. फॉरवर्डमधल्या देवाबद्दल त्याचं बरोबरच आहे.

इथे थोडा दोष आपलाही. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत खिळे किती लांब होते, ते कुठे ठोकले, यावर अर्धा अर्धा तास बोललेलं मी ऐकलंय, आणि ते सगळं बापाचा राग निवावा म्हणून, असंही. क्रोधाची भाषा पौलाच्या पत्रांत आहे. मी ती खोडून टाकणार नाही. पण तोच पौल करिंथकरांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. देव एका बाजूला आसूड घेऊन उभा आणि ख्रिस्त दुसऱ्या बाजूला मार खातोय, असं ते चित्रच नाही. किंमत मोजणारा आणि रुसलेला असे दोन वेगळे पक्ष तिथे नाहीत. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने विचारलं होतं, ही खंडणी दिली कुणाला? सैतानाला? छी. पित्याला? ज्याने अब्राहामाच्या हातून इसहाकही घेतला नाही, त्याला पुत्राच्या रक्ताची गोडी कशी असेल? हा प्रश्न चर्चच्या एका धर्मपित्याचा आहे, कुणा नास्तिकाचा नाही.

ख्रिस्ताच्या मरणाने आपला समेट कसा होतो याची एकच एक उपपत्ती सगळ्या मंडळीने कधी ठरवलेली नाही. निकियाच्या विश्वासांगीकारात 'आमच्यासाठी' क्रुसावर खिळला गेला एवढंच आहे. जुन्या मंडळीचा भर मरणावरच्या विजयावर होता. कँटरबरीच्या आन्सेल्मने १०९८ च्या सुमारास सरंजामी जगातल्या मानमर्यादेचा हिशोब मांडला. आबेलारने प्रेमावर बोट ठेवलं. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या कॅल्व्हिनने पुढे शिक्षेची भाषा पक्की केली. यातलं प्रत्येक काही ना काही सांगतं. फॉरवर्डवाल्याने शेवटचं उचललं, त्यातलं प्रेम गाळलं आणि उरलेल्याला 'बायबल सांगतं' असं नाव दिलं.

राहिली रक्ताची गोष्ट. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पापार्पणाला मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे, तेही परवडत नसतील तर एफा या मापाचा दशांश सपीठ आणावं, असं लिहिलंय. गरिबाच्या मुठीतल्या पिठावर पापाची क्षमा होते. ज्या देवाला रक्ताची तहान असते तो पीठ घेतो का? पुढे होशेयाच्या तोंडून तोच सांगतो, मला यज्ञ नको, दया हवी, आणि येशू हे वाक्य परूश्यांच्या तोंडावर फेकतो.

चौथा मुद्दा, पणजोबांनी मूर्तिपूजा केली त्याचा शाप. यहेज्केलाचा अठरावा अध्याय वाचा: बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून पोरांचे दात आंबले, ही म्हणच यापुढे नको, असं देव म्हणतो. दहा आज्ञांतलं 'तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत' तोंडावर मारणाऱ्यांनी लगेच पुढचं 'हजारो पिढ्यांपर्यंत दया' पण वाचावं. आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातले, बाप्तिस्मा घेण्याआधी गावकुसाबाहेर राहिलेले. त्यांनी भोगलं ते गावाचं पाप होतं. त्यांच्या नावाने शाप लावायला लाज वाटली पाहिजे.

सहाव्यात माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांची टवाळी आहे. मी प्रोटेस्टंट, मेण वाहत नाही. पण सप्टेंबरच्या जत्रेत वांद्र्याच्या चढावर गुडघा धरत, थांबत थांबत जाणारी बाई हातात मेणाचा पाय घेते तेव्हा ती देवाला एवढंच सांगते की इथे दुखतंय. अर्धी स्तोत्रं हेच सांगतात. वांद्र्यात, गिरगावात प्लेगच्या वेळचे क्रूस अजून उभे आहेत. १८९६ साली मांडवीत प्लेग आला, आणि जानेवारी १८९७ मध्ये इथेच भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली. 'लस म्हणजे अविश्वास' असं त्यातल्या एकाही क्रुसावर कोरलेलं मला दिसलेलं नाही.

मधला पाचवा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला. 'नवऱ्याचा त्रास, सासरचा मार, हा तुमचा क्रूस आहे. तक्रार न करता सोसा, त्याने पाप धुतलं जातं.' हे महिला मंडळाच्या ग्रुपवर गेलंय. आपलं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून अर्पण करता येतं, ही शिकवण आहे. कलस्सैकरांच्या पत्रात पौल स्वतःबद्दल तसं म्हणतो, आणि दुखण्याने खिळलेल्या कितीतरी माणसांना तिने खरंच बळ दिलंय. पेत्रही मार खाणाऱ्या दासांना सोसायला सांगतो, हेही आहे. ज्यांना पळायला जागाच नव्हती अशांना दिलेला तो धीर होता. पण महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही, 'मला का मारतोस?' असं त्याने विचारलं. पौलाला फटके मारायला बांधला तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला, आणि पुढे थेट कैसराकडे दाद मागितली. तेव्हा ज्या बाईला मार पडतोय तिने १०३ हा मुंबई पोलिसांचा महिला हेल्पलाइन नंबर लावावा, पोलिसांत जावं, आणि पाळकांनी तिच्याबरोबर चौकीत जाऊन बसावं. तिचं पाप तिच्या मुक्या माराने धुतलं जात नाही. ते धुवायला दुसरा कुणी मेलाय, हेच तर आपण सांगत असतो.

सातवा मुद्दा सर्वांत लहान. 'शापमुक्तीच्या विशेष प्रार्थनेसाठी बीजदान पाठवा', आणि खाली क्यूआर कोड. देवाचं दान पैशाने मिळेल असं शिमोन नावाच्या जादूगाराला वाटलं, तेव्हा पेत्र त्याला म्हणाला, तुझे पैसे तुझ्याबरोबर नाश पावोत. मी कोड स्कॅन करून पाहिला. नाव येतं ते ना कुठल्या मंडळीचं, ना ट्रस्टचं. एका माणसाचं वैयक्तिक खातं आहे.